ओब्लोमोव्हची स्थिरता आणि ‘ओब्लोमोव्हश्चिना’ या शब्दाचा इतिहास

कादंबरीतील प्रमुख व्यक्ती आरंभी जशी असते तशीच ती अखेरीस राहू नये, अशी एक अपेक्षा एकोणिसाव्या शतकातील युरोपीय कादंबरीने वाचकांच्या मनात रुजविली, आणि मराठी समीक्षेनेही ‘स्वभावविकास’ हा शब्द जवळजवळ गुणवाचक म्हणूनच स्वीकारला. ज्या व्यक्तिरेखेचा विकास होत नाही ती लेखकाला साधलेली नाही, असे अनुमान त्यातून सहजच निघते. या अनुमानाला छेद देणाऱ्या ज्या थोड्या कलाकृती आहेत त्यांत इवान अलेक्सांद्रोविच गोंचारोव्ह (१८१२-१८९१) याच्या ‘ओब्लोमोव्ह’ या कादंबरीचा क्रम फार वरचा आहे. चार भागांच्या या ग्रंथात इल्या इल्यीच ओब्लोमोव्ह हा जमीनदार पहिल्या पानावर अंथरुणात पडलेला आढळतो; पुढे त्याच्यावर प्रेम केले जाते, त्याची फसवणूक होते, तो विवाह करतो, त्याला पुत्र होतो, तो मरतो; परंतु तो बदलत नाही. त्याच्या अंगावरचा पौर्वात्य घाटाचा सैल झगा मध्यंतरी काही काळ दूर होतो आणि पुन्हा, धुऊन, ठिगळे लावून, त्याच्या खांद्यांवर येतो.

रशियाच्या इतिहासात या न बदलणाऱ्या माणसाच्या नावापासून सिद्ध झालेल्या एका शब्दाला त्या माणसाहून अधिक आयुष्य लाभले. तो शब्द म्हणजे ‘ओब्लोमोव्हश्चिना’. या शब्दाने कादंबरीला कीर्ती दिली ही गोष्ट निर्विवाद आहे. परंतु तिच्या नायकाच्या स्थिरतेचा एकच अर्थ शिल्लक ठेवून दुसरा पुसून टाकण्याचे कार्यही त्यानेच केले. तो दुसरा अर्थ कोणता, आणि तो पुसला कसा गेला, हे पाहण्यासाठी प्रथम ग्रंथाच्या रचनेचा इतिहास पाहिला पाहिजे.

ही कादंबरी एका दमात लिहिली गेलेली नाही. तिचा सर्वांत जुना प्रकाशित अंश म्हणजे ‘ओब्लोमोव्हचे स्वप्न’ हे प्रकरण. एका अपूर्ण कादंबरीतील भाग म्हणून ते १८४९ साली प्रसिद्ध झाले. पहिला भाग त्याच सुमारास तयार झाला होता. परंतु पुढे लेखन थांबले. १८५२ साली गोंचारोव्ह अ‍ॅडमिरल पुत्यातिन याचा चिटणीस म्हणून ‘पल्लादा’ या युद्धनौकेवरून जपानच्या सफरीवर निघाला आणि १८५५ साली सायबेरियामार्गे परतला. त्याच सुमारास निकोलस पहिला याचा मृत्यू झाला, क्रिमियाच्या युद्धात रशियाचे सामर्थ्य उघडे पडले होते, आणि भूदासांच्या मुक्ततेचा प्रश्न दरबारी कागदपत्रांपर्यंत येऊन ठेपण्याच्या बेतात होता. १८५७ च्या उन्हाळ्यात मारियनबाड येथे औषधी पाण्याच्या उपचारासाठी गेला असता त्याने सुमारे सात आठवड्यांत उरलेल्या कादंबरीचा बहुतेक भाग लिहून काढला. १८५९ च्या जानेवारीपासून एप्रिलपर्यंत ती ‘ओतेचेस्त्वेन्निये झापिस्की’ या मासिकात क्रमशः आली. म्हणजे ज्या राजवटीत नायकाची कल्पना सुचली ती राजवट संपल्यावर त्याचा शेवट लिहिला गेला. देश हलला, लेखकाने पृथ्वीच्या पाठीचा मोठा भाग पाहिला, ओब्लोमोव्ह मात्र गोरोखोवाया रस्त्यावरच्या त्याच खोलीत होता. स्वतः गोंचारोव्हला हा सांधा जाणवत होता. प्रकाशनाच्या आधी टॉल्स्टॉयला लिहिलेल्या पत्रात त्याने प्रारंभीचा भाग जुना व दुबळा असल्याचे सांगून तो न वाचण्याचा सल्ला दिला होता. लेखकाच्या या सल्ल्याकडे वाचकांनी लक्ष दिले नाही, हे योग्यच झाले. कारण नायकाच्या स्थिरतेचा पाया त्याच भागात घातलेला आहे.

पहिल्या भागाचे कथानक एका दिवसाचे आहे. मे महिन्याची पहिली तारीख. लोक सहलीला निघाले आहेत. एकामागून एक पाहुणे येतात, आपापल्या धांदलीची हकिकत सांगतात व निघून जातात. ओब्लोमोव्हपुढे दोन संकटे आहेत : गावाकडून उत्पन्न घटल्याचे मुखियाचे पत्र आले आहे, आणि राहते घर सोडावे लागणार आहे. दोहोंवर उपाय म्हणजे उठणे. आणि तेवढेच होत नाही. या भागातील सर्वांत अर्थपूर्ण प्रसंग मात्र पाहुण्यांचा नसून नोकर झाखार याच्याशी झालेल्या भांडणाचा आहे. इतर लोकही घरे बदलतात, मग आपणास काय अडचण, अशा आशयाचे काहीतरी झाखार बोलून जातो. ‘इतर’ या एका शब्दाने ओब्लोमोव्ह दुखावला जातो. इतर म्हणजे जो स्वतःचे जोडे स्वतः पुसतो, जो धावपळ करतो, जो काम करतो. आणि आपण आयुष्यात एकदाही आपल्या हाताने पायमोजा चढविलेला नाही. या विषयावर तो झाखारपुढे एक दीर्घ व्याख्यान देतो, आणि ते ऐकून झाखार रडू लागतो. दृश्य विनोदी आहे. परंतु झाखार निघून गेल्यावर ओब्लोमोव्ह तोच शब्द स्वतःशी उलगडून पाहतो, आणि आपल्यातील काही चांगले आतच गाडले गेले आहे याची त्याला वेदनापूर्वक जाणीव होते. आपण असे का, हा प्रश्न तो स्वतःला विचारतो, उत्तर शोधता शोधता त्याला झोप लागते, आणि स्वप्न सुरू होते. ही स्थिरता अजाण नाही. ओब्लोमोव्हला आपण कसे आहोत हे ठाऊक आहे; इ. एम. फॉर्स्टरने १९२७ साली केलेल्या ‘सपाट’ आणि ‘भरीव’ व्यक्तिरेखांच्या विभागणीत तो म्हणूनच नीट बसत नाही. सपाट व्यक्ती एका सूत्रात सांगता येते. ओब्लोमोव्हचे सूत्र कादंबरीतील पात्रेच, खुद्द ओब्लोमोव्हसुद्धा, सांगतात, आणि तरीही तो त्या सूत्राबाहेर उरतो.

स्वप्नाच्या प्रकरणाकडे भाषाशास्त्रीय दृष्टीनेही पाहण्यासारखे आहे. ओब्लोमोव्हका या वडिलोपार्जित गावाचे हे चित्र. तेथे काही घडत नाही, घडत असते. रशियन क्रियापदाला पूर्ण आणि अपूर्ण अशा दोन क्रियाव्याप्ती असतात. एकदा घडून संपलेली क्रिया पहिलीने आणि चालू राहणारी किंवा पुनःपुन्हा होणारी क्रिया दुसरीने दाखविली जाते. स्वप्नात दुसरीचे राज्य आहे. मराठीत हे चित्र उतरवावयाचे तर रीतिभूताशिवाय इलाज नाही : सकाळ होई, स्वयंपाकाची चर्चा चाले, जेवणानंतर सारे घर निजे, संध्याकाळी दाई गोष्टी सांगे. ‘एके दिवशी’ म्हणून ज्या थोड्या घटना येतात त्यांनाही पुढे काही परिणाम लागू दिलेला नाही. घराची जुनी गॅलरी पडेल पडेल म्हणून गाजत असते. ती पडते, खाली कोंबडी व पिले सापडतात. लोक आधी आश्चर्य करतात, मग इतकी वर्षे ती टिकली कशी याचे आश्चर्य करतात. एक पत्र येते. त्यात अशुभ काही असेल या भयाने ते काही दिवस फोडलेच जात नाही. फोडल्यावर त्यात कोणीतरी बिअर करण्याची कृती विचारलेली निघते, आणि ती पाठविण्याचे राहून जाते. पूर्णक्रियेचा प्रवेश झाला तरी रीतिभूत त्याला गिळून टाकते. कादंबरीसारख्या घटनाप्रधान प्रकारात न बदलणारा नायक सांभाळावयाचा कसा, या अडचणीवर गोंचारोव्हने शोधलेला तोडगा व्याकरणाच्या पातळीवरचा आहे. चौथ्या भागात, विबोर्ग उपनगरातील विधवा अगाफ्या मात्वेयेव्ना हिच्या घरी ओब्लोमोव्ह स्थिरावतो तेव्हा हेच क्रियारूप परत येते, आणि अर्धवट गुंगीत त्याला आपण ओब्लोमोव्हकातच आहोत असा भासही होतो.

ओल्गाशी त्याचे प्रेम जडते तो उन्हाळा या विधानाच्या आड येतो, असे कोणी म्हणेल. त्या दिवसांत तो सकाळी सातला उठतो, वाचतो, टेकड्या चढतो; झगा दिसेनासा होतो. परंतु बदललेले असते ते वर्तन. त्यामागचा स्वभाव नव्हे. ओल्गाची इच्छा त्याला जितका वेळ धरून ठेवते तितकाच वेळ तो उभा राहतो. शरद ऋतू येतो, नेवा नदीवरचे पूल वाहतुकीला बंद होतात, आणि भेट टळली याचे दुःख होण्याऐवजी त्याला सुटल्यासारखे वाटते. येथेच प्रेमाचा निकाल लागलेला आहे; पुढचा वियोग हा केवळ उपचार. त्या दिवशी घरी परतल्यावर झाखार त्याच्या अंगावर झगा टाकतो आणि ते त्याच्या ध्यानीही येत नाही. बाहेर बर्फ पडू लागते.

वियोगाच्या प्रसंगी ओल्गा त्याला विचारते की, तुझा घात कशाने केला. या दुष्टाव्याला नाव नाही. नाव आहे, असे म्हणून तो तो शब्द पुटपुटतो. शब्द मुळात त्याचा नाही. दुसऱ्या भागात त्याचा बालमित्र आंद्रेई श्टोल्त्स, ज्याचा बाप जर्मन आणि आई रशियन, त्याने तो प्रथम उच्चारलेला आहे. आदर्श ग्रामीण जीवनाचे आपले स्वप्न ओब्लोमोव्ह रंगवून सांगतो. ते ऐकून श्टोल्त्स त्याला हे नाव देतो. ओब्लोमोव्हचा प्रतिप्रश्न बहुधा उद्धृत केला जात नाही. ओब्लोमोव्हश्चिना नाही असे ठिकाण कोणते, असे तो विचारतो. तुमच्या धावपळीचा, युद्धांचा, व्यापाराचा शेवटचा हेतू विश्रांती हाच नाही काय? श्टोल्त्सपाशी याला समाधानकारक उत्तर नाही. श्रम हेच जीवनाचे साध्य, एवढेच तो सांगतो.

या शब्दाची घडण पाहण्याजोगी आहे. रशियनमधील ‘श्चिना’ हा प्रत्यय स्थलनामांना लागून प्रदेश दाखवितो : स्मोलेन्स्क शहराभोवतालचा मुलूख तो ‘स्मोलेन्श्चिना’. तोच व्यक्तिनामाला लागला की त्या व्यक्तीने गाजविलेला काळ व त्या काळची रीत दाखवितो, आणि त्यात बहुधा निषेधाचा सूर असतो. पुगाचोव्हच्या १७७३-७५ च्या बंडाला ‘पुगाचोव्हश्चिना’ म्हणत; पुश्किनच्या ‘कॅप्टनची मुलगी’ या १८३६ च्या कादंबरीतील एका प्रकरणाचे ते नावच आहे. सम्राज्ञी आन्नाच्या कारकिर्दीतील बिरोन या मर्जीतल्या सरदाराच्या जुलमी अंमलाला ‘बिरोनोव्हश्चिना’ म्हणतात. मराठीत ‘शाही’, ‘गिरी’, ‘पणा’ यांपैकी कोणताही एक प्रत्यय या सर्व छटा पेलू शकत नाही. मात्र ‘मोगलाई’ हा तयार शब्द या प्रत्ययाच्या अगदी निकट येतो. मोगलाई म्हणजे निजामाचा मुलूख. मोगलाई म्हणजे एक राजवट. आणि मोगलाई माजली म्हणजे धरबंद सुटला. प्रदेश, काळ आणि रीत हे तीन अर्थ एकाच शब्दात, आणि तिसऱ्या अर्थाने पहिल्या दोहोंवर मात केलेली. ओब्लोमोव्हश्चिनेचेही असेच झाले. कादंबरीत ती प्रथम प्रदेश आहे, म्हणजे ओब्लोमोव्हका हे गाव, तेथील स्वयंपाकघर, दाई, दुपारची झोप. श्टोल्त्सच्या तोंडी ती दोष होते. ‘काळ’ हा मधला अर्थ मात्र कादंबरीबाहेर भरला गेला.

तो भरला निकोलाय दोब्रोल्यूबोव्ह या तेवीस वर्षांच्या समीक्षकाने. मे १८५९ च्या ‘सोव्रेमेन्निक’ मासिकात त्याचा ‘ओब्लोमोव्हश्चिना म्हणजे काय?’ हा लेख आला. कादंबरीच्या निश्चलतेवर त्याने आरंभीच नेमके बोट ठेवले : एका भागात नायक कोचावर पडून असतो, दुसऱ्यात प्रेमात पडतो, तिसऱ्यात प्रेम मोडते, चौथ्यात दोघांचे वेगवेगळे विवाह होतात, एवढेच कथानक. मग या स्थिरतेचे कारण त्याने समाजरचनेत शोधले. आपल्यापाशी एक झाखार आणि आणखी तीनशे झाखार आहेत, ही जाणीव ज्याला बालपणापासून दिली गेली त्याला स्वतः काही करण्याची गरजच राहत नाही. दुसऱ्याला गुलाम करणारा त्याच गुलामाचा गुलाम होतो. पुश्किनचा ओनेगिन, लेर्मोन्तोव्हचा पेचोरिन, हेर्झेनचा बेल्तोव्ह, तुर्गेन्येव्हचा रूदिन, या साऱ्या ‘अनावश्यक माणसां’ची परंपरा त्याने ओब्लोमोव्हपाशी आणून ठेवली आणि त्यांच्या उदात्त खिन्नतेखाली हाच झगा आहे असे दाखविले. भूदासपद्धतीवर सरळ लिहिणे त्या काळी अभ्यवेक्षणामुळे शक्य नव्हते. दोब्रोल्यूबोव्हला एका काल्पनिक पात्राच्या नावाचा शब्द मिळाला आणि त्याच्या आडून एका संपूर्ण व्यवस्थेचा निवाडा करता आला. (कादंबरीकार स्वतः १८५६ पासून सरकारी अभ्यवेक्षक होता, हा इतिहासाचा एक चमत्कारिक योग.) १८६१ साली भूदासमुक्तीचा जाहीरनामा निघाला, त्याच वर्षी वयाच्या पंचविसाव्या वर्षी दोब्रोल्यूबोव्ह वारला.

या लेखाचे सामर्थ्य नाकारणे चुकीचे ठरेल. गोंचारोव्हने स्वतःच, लेख वाचल्यावर, ओब्लोमोव्हश्चिनेविषयी आता सांगण्यासारखे काही उरले नाही अशा अर्थाचे पत्र आन्नेन्कोव्हला लिहिले. तरीही दोब्रोल्यूबोव्हला कादंबरीतील एक गोष्ट मान्य करता आली नाही, आणि तो प्रांजळपणे तसे सांगतो. चौथ्या भागात श्टोल्त्स ओल्गापाशी ओब्लोमोव्हच्या अंतःकरणाची थोरवी गातो : सारे जग उलटे झाले तरी हे हृदय खोट्या मूर्तीपुढे वाकणार नाही. दोब्रोल्यूबोव्हच्या मते ही मोठी असत्योक्ती आहे. जो उठतच नाही तो कोणापुढे वाकला नाही याचे कौतुक कसले? आक्षेप धारदार आहे. परंतु लेखकाने एवढ्या जोराने सांगितलेली गोष्ट चूक म्हणून बाजूस सारली तर स्थिरतेचा अर्धा अर्थ बाजूस सारला जातो.

त्याच वर्षाच्या अखेरीस अलेक्सांद्र द्रुझीनिन याने ‘बिब्लिओतेका द्ल्या च्तेनिया’ या मासिकात हाच अर्धा भाग उचलला. त्याच्या मते ओब्लोमोव्ह प्रिय वाटतो, कारण तो बालकासारखा निर्मळ आहे. व्यवहारी लोकांनी हातून घडविलेली दुष्कृत्ये त्याच्या हातून होऊच शकत नाहीत. द्रुझीनिन शुद्ध कलावादी, आणि झाखारच्या बाजूने विचार करण्याची त्याला गरज भासत नाही, हे त्याच्या लेखाचे वैगुण्य. झाखारचे तीनशे भाईबंद राबत नसते तर ही निर्मळता टिकली असती काय, या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नाही. पण कादंबरीतील पुरावा त्याच्या बाजूस अगदीच नाही असे नव्हे. तारान्त्येव्ह हा ओब्लोमोव्हचा जुना शोषक. त्याने व घरमालकिणीच्या भावाने मिळून खोट्या कर्जरोख्याने त्याला नागविले. स्वतःची लूट ओब्लोमोव्ह सोसतो. परंतु तारान्त्येव्ह हीन शब्द काढतो त्या क्षणी कधी हात न उचलणारा हा माणूस त्याच्या थोबाडीत मारून त्याला घराबाहेर काढतो. सबंध कादंबरीत त्याच्या हातून घडलेली ही एकमेव निर्णायक कृती आहे, आणि ती त्याच्यात काही बदल झाल्यामुळे घडत नाही. त्याची भावना किंचितही बदलली नाही म्हणून घडते. पायमोजा न चढविणारी स्थिरता आणि थोबाडीत मारणारी स्थिरता या दोन वस्तू नाहीत.

श्टोल्त्सच्या बाबतीत लेखकाला जे साधले नाही तेही या ठिकाणी बोलके आहे. ‘न होण्यापेक्षा उशिरा बरे’ या १८७९ च्या आत्मसमीक्षेत गोंचारोव्हने कबूल केले की, श्टोल्त्सचे चित्र फिकट उतरले व त्याच्यातून कल्पना उघडी दिसते. सदैव हालचाल करणारा माणूस कागदावर निर्जीव राहिला आणि हालचाल न करणारा जिवंत झाला. कर्तृत्ववान पुरुषाचे नमुने त्या समाजात दुर्मिळ होते, हे त्याचे ऐतिहासिक कारण दिले जाते व ते बरोबर आहे. पण श्टोल्त्सला कादंबरीत काही गमवावेच लागत नाही, हे कारणही तितकेच खरे. ओब्लोमोव्हची प्रत्येक स्थिरता किंमत मोजून राखलेली आहे.

द्रुझीनिनचा लेख विद्वानांपुरता उरला. दोब्रोल्यूबोव्हचा शब्द जनतेत गेला. इंग्रजीतही ‘ओब्लोमोव्हिझम’ हे रूप रुळले. तेथे प्रत्ययाबरोबर गावाचा वास नाहीसा झाला आणि केवळ मताचा किंवा रोगाचा अर्थ राहिला. ६ मार्च १९२२ रोजी धातुकामगारांच्या परिषदेतील साम्यवादी प्रतिनिधींपुढे बोलताना लेनिनने, तीन क्रांत्या होऊनही ओब्लोमोव्ह शिल्लकच असल्याची तक्रार केली. ओब्लोमोव्ह हा केवळ जमीनदार नव्हता, तो शेतकरी, बुद्धिजीवी, कामगार आणि साम्यवादीही आहे, असे त्याचे म्हणणे होते. (लेनिन आणि गोंचारोव्ह दोघेही व्होल्गाकाठच्या सिंबिर्स्कचे.) येथे शब्दाने एक गंमतशीर वळण घेतले. दोब्रोल्यूबोव्हच्या मते जे भूदासपद्धतीचे फळ होते ते ती पद्धती जाऊन साठ वर्षे झाल्यावरही टिकलेले आढळले. म्हणजे एकतर कारणमीमांसा अपुरी होती, किंवा शब्द आता निराळ्याच वस्तूला लावला जात होता. समितीच्या बैठकांत वेळ घालविणारा अधिकारी आणि आपल्या झग्यात स्वतःच्या अपुरेपणाने व्याकूळ होणारा इल्या इल्यीच, यांच्यात आळसापलीकडे साम्य फारसे नाही. व्यक्तिनामापासून झालेला शब्द व्यक्तीला विसरल्याशिवाय सामान्यनाम होऊ शकत नाही. ओब्लोमोव्हच्या बाबतीत विसरला गेलेला भाग नेमका तोच होता ज्याविषयी १८५९ साली वाद झाला होता.

गोंचारोव्हने हा शब्द कादंबरीच्या अगदी शेवटच्या पानावरही ठेवला आहे, आणि तेथील त्याची योजना बारकाईने वाचली पाहिजे. ओब्लोमोव्हला जाऊन काही वर्षे झाली आहेत. त्याचा मुलगा आंद्रेई श्टोल्त्स व ओल्गा यांच्याकडे वाढत आहे. चर्चपाशी श्टोल्त्सला एक म्हातारा, जवळजवळ आंधळा भिकारी भेटतो, तो झाखार. श्टोल्त्स त्याला गावी चलण्यास सांगतो. पण धन्याची कबर येथे आहे, ती सोडून जाववत नाही, असे म्हणून तो नाही म्हणतो. श्टोल्त्सबरोबर एक लेखक असतो. हा इल्या इल्यीच कोण, त्याचे असे का झाले, असे तो विचारतो. श्टोल्त्स त्याच एका शब्दात कारण सांगतो. लेखकाला तो शब्द कळत नाही. ओब्लोमोव्हश्चिना म्हणजे काय, असे तो पुन्हा विचारतो. तेव्हा श्टोल्त्स सांगू लागतो, आणि त्याने जे सांगितले तेच या ग्रंथात लिहिले आहे, असे म्हणून कादंबरी संपते. दोब्रोल्यूबोव्हने आपल्या लेखाचे शीर्षक म्हणून घेतलेला प्रश्न हाच. त्याचे उत्तर म्हणून गोंचारोव्हने चार भागांची कादंबरी दिली होती.